बिननावाचं माप

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास उड्डाणपुलापलीकडच्या दवाखान्यातून डबा आला. कवळीकाकांनी तो नेहमीसारखा पुढ्यात ओढला आणि झाकण काढलं. आत ओल्या कापडात गुंडाळलेलं दातांचं माप होतं, एक वरचं, एक खालचं, आणि सोबत चिठ्ठी. रुग्ण क्रमांक चारशे अकरा. माउथगार्ड, एक. जाडी चार मिलिमीटर. रंग मरून. पुढच्या गुरुवारपर्यंत हवा.

कवळीकाकांचं मरून रंगाशी वैर नव्हतं. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनी त्या रंगाचा शर्ट घेतला नव्हता, एवढंच. बायकोने एकदा बैठकीच्या खोलीसाठी मरून पडदे आणले, तेव्हा कापड विरळ आहे म्हणून त्यांनी ते परत करायला लावले होते, आणि त्यांच्या जागी जे निळे पडदे आले ते इतके विरळ होते की समोरच्या घरातला टीव्ही त्यातून बघता यायचा. निळा हा त्यांच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा रंग. मरून हा नदीपलीकडच्या कॉलेजचा. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता दोघांमध्ये उपांत्य सामना होता आणि निळा संघ हंगामातले सोळापैकी पंधरा सामने जिंकून तिथवर पोचला होता. इतकं बरं कधीच चाललं नव्हतं. त्यामुळे कवळीकाका महिनाभर काळजीत होते.

पण धंदा म्हणजे धंदा. त्यांनी प्लास्टर कालवलं, भांडं टेबलावर आपटून बुडबुडे काढले, मापात ओतलं आणि सुकायला खिडकीत ठेवलं. तेवढ्या वेळात एका कवळीचा निखळलेला दात बसवला, चहा घेतला, कालचा पेपर परत वाचला. पाऊण तासाने साचे सोडवले, कडा घासल्या, वरचा साचा उजेडाकडे वळवला. समोर शिडी हसत होता.

शिडी म्हणजे निळ्या संघाचा कर्णधार. सहा फूट सहा इंच. त्याचा वरचा डावा सुळा जागा न मिळाल्यामुळे हिरडीत उंचावर अडकून राहिला होता, उशिरा आलेल्या प्रेक्षकाने पायरीवर उभं राहावं तसा. खालच्या पुढच्या दाताचा कोपरा पहिल्या वर्षी कुणाच्या तरी कोपराने उडाला होता. कवळीकाकांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तिसऱ्या रांगेतून. असा सुळा आणखी कुणाचा असेल, असं म्हणायला जागा होती. असा टवकाही असेल. दोन्ही एकाच तोंडात असतील असं म्हणायला मात्र माणूस फारच चांगल्या स्वभावाचा असावा लागतो.

कवळीकाका फळीकडे गेले. तिथे संघातल्या बाराही जणांचे साचे ओळीने मांडलेले होते. त्यांनी शिडीचा जुना वरचा साचा उचलला आणि चारशे अकराच्या खालच्या साच्यावर ठेवून मिटला. टक् असा आवाज आला. सगळे दात आपापल्या जागी जाऊन बसले, घरी आल्यासारखे.

आता हे साचे तिथे का होते, ते सांगायला हवं. कवळीकाकांचा व्यवसाय कवळ्या, कॅपा आणि दातांच्या इतर वस्तू बनवण्याचा. दवाखान्यातून माप यायचं, ते वस्तू बनवून परत पाठवायचे. संघाच्या माउथगार्डचं, म्हणजे खेळताना दात वाचवणाऱ्या मऊ कवचाचं, काम मात्र त्यांनी अठरा वर्षं हौसेने अंगावर घेतलं होतं. दर हंगामाच्या सुरुवातीला बारा मुलं त्यांच्या खोलीबाहेर रांग लावायची, एकेकजण मापाचा थंड लगदा तोंडात धरून डोळ्यांत पाणी आणायचा, आणि आठवड्याने प्रत्येकाला निळा गार्ड मिळायचा. शेवटच्या वर्षाचा मुलगा कॉलेज सोडून जाताना कवळीकाका त्याचा साचा कागदात गुंडाळून त्याच्या हातात देत. तळाशी खिळ्याने टोपणनाव कोरलेलं असे. निरोप समारंभात मिळालेली ढाल मुलं हरवायची. हे दात मात्र सांभाळून ठेवायची. एकजण आता विमान चालवतो. त्याच्या घरी ते दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहेत, आणि त्याच्या बायकोला ते आवडत नाहीत, अशी बातमी होती.

खरं तर ते त्यांचं कॉलेजही नव्हतं. अठराव्या वर्षी त्यांनी तिथे अर्ज केला होता आणि चार टक्क्यांनी राहिले होते. सहा वर्षांनी मेव्हण्याने एका सामन्याला नेलं. मेव्हण्याला मध्यंतरातच कंटाळा आला. कवळीकाका तेव्हापासून दर सामन्याला तिसऱ्या रांगेत बसले होते आणि 'आपण जिंकलो', 'आपण हरलो' असं म्हणत होते. बायको म्हणायची, "ज्यांनी तुम्हाला दारातून आत घेतलं नाही, त्यांच्यासाठी तुम्ही घसा फोडता." ते म्हणायचे, तेव्हाचे प्राचार्य वेगळे होते.

बुधवार आणि गुरुवार त्यांनी शिडीची बाजू मांडण्यात घालवले. एखाद्याला रंग आवडू शकतो. नदीपलीकडे त्याचा एखादा भाऊ असेल, ज्याला भेट म्हणून गार्ड द्यायचा असेल, आणि माप मात्र स्वतःचं दिलं असेल. या मुद्द्यावर आल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. शिडीचं कॉलेजचं अजून एक वर्ष शिल्लक होतं. मरून गार्डचा अर्थ एकच होता: मुलगा पुढच्या वर्षी पलीकडे जाणार, आणि शनिवारी पलीकडच्यांशीच खेळणार.

जाणं एक वेळ समजून घेता आलं असतं. पण शनिवारचं काय? कर्णधाराच्या हातातून एक चेंडू सुटला, एक पास जरा मागे पडला, तर कुणाला कळणार होतं? कवळीकाकांना आता तो पास दिसायला लागला होता. जेवताना दिसायचा, दाढी करताना दिसायचा.

त्यांच्या व्यवसायात एक न लिहिलेला नियम आहे: दात बघायचे, तोंड बघायचं नाही. म्हणून तर चिठ्ठीवर नाव नसतं. गावातलं निम्मं हसू त्यांच्या टेबलावर घडलं होतं. कुठल्या लग्नात नवऱ्यामुलाचे पुढचे दोन दात कुणाचे, हे ठाऊक असून ते शांतपणे जेवून येत. एकतीस वर्षांत त्यांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि बायकोने विचारण्यात काही कमी ठेवली नव्हती.

शुक्रवारी दुपारी ते उठले, हात धुतले आणि सांगायला गेले.

क्रीडागृहात सराव चालला होता. लाकडी जमिनीवर बुटांचा चरचर आवाज, घामाचा आणि मलमाचा वास, एका कोपऱ्यात छत गळतं तिथे ठेवलेली बादली. शिडी फ्री थ्रो मारत होता. त्याने लांबूनच हात केला आणि तोंडातला निळा गार्ड जिभेने पुढे काढून दाखवला. त्यांची ती जुनी थट्टा होती. कवळीकाकांनी हात वर केला खरा, पण तो अर्ध्यातच राहिला.

प्रशिक्षक म्हणजे सर. नऊ वर्षं संघाबरोबर होते. त्यांची खोली एवढीशी होती, की दोन माणसं आत गेली की एकाला चेंडूंच्या जाळीवर टेकावं लागे. कवळीकाका टेकले आणि त्यांनी सांगितलं. सरांनी आधी दार लावलं. मग विचारलं, खात्री आहे ना. कवळीकाकांनी सुळ्याबद्दल, टवक्याबद्दल आणि टक् आवाजाबद्दल सांगितलं. सर बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"अजून कुणाला बोललात?"

"कुणालाच नाही."

"मग बोलूही नका. मी बघतो." मग त्यांनी कवळीकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखी माणसं आहेत, कवळीकाका, म्हणून हा संघ आहे. बाकी सगळे येतात आणि जातात."

हे बोलताना सर हसले, आणि त्यांच्या उजवीकडच्या खालच्या दाढेवरची कॅप दिसली. चार वर्षांपूर्वी कवळीकाकांनीच ती बनवली होती. अजून नव्यासारखी होती. परतताना त्यांना आपण एक अवघड पण योग्य काम केल्यासारखं वाटलं. त्या दिवसापुरतं.

शनिवारी ते साडेतीनलाच जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीत बाई होत्या. बाई म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षिका, वय अडुसष्ट, चौदा वर्षांची शेजारीण. मांडीवर वही, हातात दोन रंगांची पेन्सिल. कोण किती मिनिटं खेळला, तेवढ्यात आपण किती गुण केले आणि समोरच्यांनी किती, हे त्या प्रत्येक खेळाडूसाठी लिहून ठेवायच्या. पंचांवर त्यांचा विश्वास नव्हता. गुणफलकावरही फारसा नव्हता.

पाच जण मैदानात उतरले. त्यात शिडी नव्हता.

"दुखापत?" बाईंनी विचारलं.

कवळीकाका म्हणाले, काय माहीत.

शिडी बाकाच्या टोकाला बसला होता, गुडघे छातीपर्यंत आलेले, गळ्यात टॉवेल. पहिली दहा मिनिटं गेली. दुसरी दहा गेली. मध्यंतरापर्यंत आपण सात गुणांनी मागे होतो. प्रेक्षकांतून त्याच्या नावाचा घोष सुरू झाला; सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बाई आता वहीत न बघता कवळीकाकांकडे बघत होत्या, कारण चौदा वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच घोषात सामील होत नव्हता.

"घसा बसलाय," ते म्हणाले.

"ओरडण्याआधीच?" बाई म्हणाल्या.

शेवटची नऊ मिनिटं उरली तेव्हा आपण तेरा गुणांनी मागे होतो. लोक आता सरांना नावं ठेवायला लागले होते, आणि ती सगळीच छापण्यासारखी नव्हती. तेव्हा कुठे सरांनी शिडीला उठवलं.

पुढच्या नऊ मिनिटांबद्दल कवळीकाका नंतर कुणाशीही बोलले नाहीत. मुलगा असा खेळला की आधी पहिल्या रांगेने बसणं सोडलं, मग सगळ्यांनीच. तीन चेंडू त्याने समोरच्यांच्या हातातून काढून घेतले. दोनदा लाकडी जमिनीवर आडवा पडला. एकदा तर बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी पहिल्या रांगेत येऊन कोसळला, कुणाच्या तरी मांडीवरून उठला आणि पळत सुटला. कवळीकाका तो पास शोधत होते, जरा मागे पडलेला, जरा हळू दिलेला. नऊ मिनिटांत त्यांना तो एकदाही सापडला नाही. बघता बघता तेराचे दोन झाले. शेवटच्या चार सेकंदांत शिडीकडे चेंडू आला, त्याच्या अंगावर तिघे धावले, आणि त्याने कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या वकिलाला पास दिला. वकील म्हणजे संघातला, पंचांशी वाद घालणारा एकजण. पास असा होता की भिंतीला दिला असता तरी भिंतीने बास्केट केली असती. वकिलाचा नेम कडीला लागून बाहेर गेला.

भोंगा वाजला. हंगाम संपला.

बाईंनी रेघ ओढली. "एकतीस मिनिटं तो बाकावर, आपण उणे तेरा. नऊ मिनिटं मैदानात, अधिक अकरा. हरलो दोनने." त्यांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. "सामना आपण बाकावर हरलो. आता तिथे त्याला कुणी आणि का बसवलं, तेवढंच शोधायचं राहिलं."

सर मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि माइक घेऊन बोलले. हा संघ माझं कुटुंब आहे, म्हणाले. आवाज भरून आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण कुटुंब म्हटल्यावर काहीतरी करावं लागतं.

बाहेर पडताना खेळाडूंच्या बोळापाशी शिडी भेटला. डोळे लाल, केस ओले. तरी थांबला, वाकला, आणि म्हणाला, "काका, गार्ड मस्त होता. तीनदा तोंडावर पडलो, एक दात हलला नाही." कवळीकाका म्हणाले, अरे वा. याहून वाईट उत्तर देता आलं नसतं. वाटेत त्यांनी याहून वाईट शोधायचा बराच प्रयत्न केला, एकही सुचलं नाही.

सोमवारी पुन्हा डबा आला. त्याच दवाखान्याचा, पण मोठा. आत पाच मापं होती. चारशे बारा ते चारशे पंधरा, माउथगार्ड, मरून. चारशे सोळा, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी रात्रीचा गार्ड, पारदर्शक.

कवळीकाकांनी प्लास्टर ओतलं. या वेळी चहा घेतला नाही, पेपर वाचला नाही. खिडकीशी उभे राहून पाऊण तास प्लास्टरकडेच बघत राहिले. मग एकेक साचा सोडवला. चारशे बारा वकील होता. तेरा हा डावीकडून खेळणारा ठेंगणा. चौदा आणि पंधरा हे ते दोघे, जे एकाच खोलीत राहायचे आणि एकमेकांची दाढ दुखली की दोघेही दवाखान्यात यायचे. शिडी धरून अख्खं पहिलं पंचक. टेबलावर पाच जबडे ओळीने दात दाखवत बसले होते. वकिलाचा साचा त्यांनी उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. तो नेम चुकला होता की चुकवला होता, हे दातांवरून कळत नाही.

चारशे सोळा शेवटी उचलला. मोठ्या माणसाचा जबडा, दात झिजून सपाट झालेले. फक्त उजवीकडची एक खालची दाढ तशीच ताठ उभी होती, झिजलेली नव्हती. तिची मधली घळ किंचित डावीकडे वाकलेली होती. दाढेची घळ अशी वाकवायची सवय एकाच माणसाला होती, आणि तो माणूस आता हातात साचा धरून उभा होता.

त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. पटायला लागला. तोच दवाखाना, तोच डबा, मुलांच्या पाठोपाठचा क्रमांक: सरही नदीपलीकडे चालले होते. मुलांना सर नेत होते. शुक्रवारी त्यांनी दार लावलं ते शिडीसाठी नव्हतं.

बायकोने जेवताना विचारलं, काय झालंय. ते म्हणाले, काम वाढलंय. ते खरंच होतं.

मंगळवारी पेपरात बातमी आली: सर आणि पाच खेळाडू पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या कॉलेजात. सरांनी लिहिलं होतं की हा निर्णय घेताना त्यांच्या मनाच्या चिंधड्या झाल्या. संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्यांनी चौकशी केली होती. चाळीस वर्षं वर्गावर काढलेल्या माणसाला चौकशी करता येते. शिडी जाणार हे शुक्रवारीच कुणीतरी सरांच्या कानावर घातलं होतं, म्हणून त्याला बसवलं, असं मुलांच्यात बोललं जात होतं.

"सरांचं सोडा, ते तसलेच निघाले," बाई म्हणाल्या. "पण आपल्यातलं कुणीतरी गेलं सांगायला. तो माणूस कोण ते कळू दे मला. पुढच्या हंगामात तो क्रीडागृहात ज्या बाजूला बसेल, त्या बाजूला मी बसणार नाही."

कवळीकाकांनी विचारलं, गुडघा कसा आहे. बाई म्हणाल्या, गुडघ्याचा इथे काय संबंध.

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली आणि शिडी वाकून आत आला. ती खोली त्याच्या उंचीची नव्हती. नेहमीसारखा तो स्टुलावर बसला, गुडघे टेबलाच्या वर.

"काका, माझे दात घ्यायला आलो."

"तुझं अजून एक वर्ष आहे."

"नाही राहिलं. पेपर वाचला असेल तुम्ही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण जाऊन सांगावं. जरा उशीरच झाला." तो पायांकडे बघत बोलत होता. सरांनी हंगामाच्या मध्यावरच पाचही जणांना एकेकटं बोलावलं होतं, त्याने सांगितलं. तिकडचं क्रीडागृह नवं, छत गळत नाही, वसतिगृहाचा पलंग सव्वासात फुटी. शिडीने तीन वर्षांत पाय सरळ करून झोप घेतली नव्हती. त्याने हो म्हटलं होतं. पण एका अटीवर: हा उपांत्य सामना आणि अंतिम सामना निळ्यातून जिंकायचा, मगच जायचं.

"मला तिकडे जायचं होतं, पण त्यांना हरवून," तो म्हणाला. "म्हणजे मग कुणी काही म्हणालं नसतं. तुम्हीसुद्धा."

कवळीकाकांनी विचारलं, मग बसलास कशाला बाकावर.

"सरांनी बसवलं. शुक्रवारी सरावानंतर म्हणाले, तुला कुणीतरी ओळखलंय. उद्या वाईट खेळलास तर म्हणतील सामना विकला. त्यापेक्षा बस, पाय जप, पुढच्या वर्षी लागणार आहे तो. लोक ओरडायला लागले म्हणून उठवलं, नाहीतर..." तो थांबला. "ओळखलं म्हणजे कसं, हेच मला कळत नाही. मी कुणाला बोललो नव्हतो. आईलाही नाही. नुसता एकदा त्या दवाखान्यात गेलो होतो."

बोलता बोलता त्याची नजर टेबलावर गेली. टेबलावर पाच मरून गार्ड तयार होऊन सुकत होते, प्रत्येक आपापल्या साच्यावर. सगळ्यात पुढे चारशे अकरा होता. त्याचा सुळा उंचावर उभा होता.

शिडीने हात लांब करून साचा उचलला. गार्ड बाजूला केला. अंगठा त्या सुळ्यावरून एकदा फिरवला, आणि मग नकळत जीभ स्वतःच्या सुळ्यावरून फिरवली. खोलीत फक्त पॉलिशच्या यंत्राची घरघर होती. कवळीकाकांनी ते बंद केलं आणि लगेच वाटलं की चालू ठेवायला हवं होतं.

"तुम्ही, काका?"

"हो."

एवढंच. त्यांच्याकडे आणखी सांगण्यासारखं होतं. तूही जाणारच होतास, हे होतं. मला वाटलं तू सामना सोडशील, हे होतं. सव्वीस वर्षं हेही होतं. यातलं एकही वाक्य वेळेवर तोंडापर्यंत आलं नाही. वीस मिनिटांनी अत्यंत मुद्देसूद उत्तर तयार झालं, तेव्हा खोलीत ऐकायला पाच जबडेच होते.

कवळीकाकांनी फळीवरचा जुना साचा कागदात गुंडाळून त्याच्यापुढे धरला. तळाशी 'शिडी' असं कोरलेलं होतं. ते त्यांनी पहिल्याच वर्षी कोरून ठेवलं होतं, कारण मुलगा शेवटपर्यंत राहील याची त्यांना खात्री होती.

शिडीने तो घेतला नाही. "राहू द्या तुमच्याकडेच," तो म्हणाला. रागाने नाही, बसमध्ये कुणाला जागा द्यावी तसा. "पुन्हा कुठे दिसलो तर ओळखायला होतील."

दाराशी तो वाकला, बाहेर गेला आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर कवळीकाकांना बरं वाटलं असतं.

गुरुवारी काम पोचवायचं होतं. कवळीकाकांच्या मनात पुष्कळ गोष्टी येऊन गेल्या. सगळी मापं बिघडली आहेत, पुन्हा घ्यावीत, अशी चिठ्ठी लावून डबा परत पाठवता आला असता. सरांना पुन्हा तो लगदा तोंडात धरून बसावं लागलं असतं. रात्रीच्या गार्डची एक कड केसभर जाड ठेवता आली असती. कुणाला कळलं नसतं. पण जे कुणाला कळत नाही असं एक काम त्यांनी त्या आठवड्यात आधीच केलं होतं. त्यांनी सगळ्या कडा नीट घासल्या. शिडीच्या गार्डची सुळ्यापाशी दोनदा घासली, कारण तिथे त्याला टोचतं हे त्यांना माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नव्हतं. डबा बंद केला आणि पाठवला.

बाईंनी पुढच्या हंगामासाठी खुर्च्या राखायला फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "एकच घ्या. तुमची."

वर्गातल्या कुठल्या उत्तराचा अर्थ काय, हे बाईंना चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळत असे.

"किती मिनिटं बसला होता तो बाकावर?" त्यांनी विचारलं.

"एकतीस."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी उड्डाणपुलापलीकडच्या दवाखान्यातून फोन आला. तक्रार नव्हती, उलट कौतुक होतं. चारशे सोळा क्रमांकाचे गृहस्थ फारच खूश होते. गार्ड असा बसलाय, म्हणाले, की तोंडात आहे हेही जाणवत नाही. कित्येक वर्षांनी त्यांना गाढ झोप लागते आहे.

कवळीकाकांनी आभार मानले.

त्याच सकाळी बायकोने चहाचा कप पुढे करताना सांगितलं होतं, "अहो, तुम्ही हल्ली झोपेत दात खाता. कर्रकर्र आवाज येतो, माझी झोपमोड होते. दुसऱ्यांना देता ते काहीतरी स्वतःलाही बनवा."

दुपारी त्यांनी लगदा कालवला, आरशासमोर उभे राहून स्वतःचं माप घेतलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत धरून ठेवलं. पाऊण तासाने साचा सोडवला. एकतीस वर्षांत हे दात त्यांनी पहिल्यांदाच टेबलावर पाहिले. रस्त्यात भेटले असते तर ओळखले नसते. गार्ड बनवायची पारदर्शक पट्टी संपली होती. मरून उरली होती, एक. निळ्या अकरा होत्या, पुढच्या हंगामासाठी आणून ठेवलेल्या, ज्यांच्यासाठी आता खोलीबाहेर रांग लागणार नव्हती. त्यांनी निळी घेतली, तापवली, साच्यावर ओढली, कडा कापल्या, घासल्या. मग तोंडात घालून सावकाश दात मिटले.

टक् असा आवाज आला नाही. तो येऊ नये म्हणूनच गार्ड असतो.